जुनी इलेक्ट्रॉनिक संगीताची रेकॉर्ड हाती आली, तर भाव ठरवण्याआधी काय काय करायचं

नागपुरात महालातला वाडा पाडून तिथं फ्लॅटची स्कीम उभी राहणार असते, माळ्यावरच्या पेट्या खाली येतात आणि एका पेटीत रेकॉर्ड्स निघतात. पुढचं ठरलेलं असतं. कव्हरवरचं नाव मोबाइलवर टाकायचं, समोर आलेला सगळ्यात मोठा आकडा घरात जाहीर करायचा, मग इतवारीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन म्हणायचं, "ऑनलाइन चाळीस हजार दाखवून राहिलं ना भाऊ!" दुकानदार पाचशे म्हणतो, आणि तो चोर ठरतो. बहुतेक वेळा चाळीस हजारही चूक असतात आणि पाचशेही.

सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बनलेल्या संगीताच्या रेकॉर्ड्समध्ये हा घोळ जरा जास्तच होतो. एकच रेकॉर्ड त्याच कव्हरमध्ये पुन्हा पुन्हा निघालेली असते, लेबलं कोरी असतात, डीजेंनी सुई मागेपुढे घासलेली असते. भाव नावाला मिळत नाही. विशिष्ट प्रेसिंगच्या (म्हणजे दाबून काढलेल्या खेपेच्या), विशिष्ट अवस्थेतल्या प्रतीसाठी कोणीतरी खरोखर मोजलेले पैसे, तो तिचा भाव. म्हणून आधी ओळख, मग धुणं, मग अवस्थेची ग्रेड आणि त्यानंतरच भाव, असा क्रम ठेवा. आकडा आधी बघितला की मन त्याला चिकटतं आणि ओरखडे दिसेनासे होतात.

## तयारी

फार सामान लागत नाही, पण सगळं आधी जमवून ठेवा. एक तेजस्वी टेबल लॅम्प, भिंग, फोन, वही, मायक्रोफायबरची दोन-तीन कापडं, डिस्टिल्ड वॉटर, पॉलिथिनचं अस्तर असलेली नवी आतली पाकिटं, आणि नीट लावलेला टर्नटेबल. टर्नटेबल नसेल तर ज्याच्याकडे आहे अशा माणसाला गाठा. सुटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्लेअरवर किमती रेकॉर्ड लावू नका. त्यांतल्या बऱ्याच प्लेअरांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं आणि सुई चार-पाच ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त दाब देते. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला साधारण दीड ते अडीच ग्रॅम पुरतात.

वेळही बघून निवडा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असताना टिनाच्या शेडमध्ये दुपारी पेट्या उघडून बसू नका. रेकॉर्डचं विनाइल ५०-६० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. पेटी घरी आणायची असेल तर सकाळी आणा आणि डिकीत ठेवून बर्डीवर खरेदीला जाऊ नका.

सावधान: पेटी कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. खसची ताटी दमट हवा फेकते. कव्हरचा पुठ्ठा ती शोषतो आणि पावसाळा लागेपर्यंत त्यावर बुरशीचे ठिपके येतात. नागपुरातल्या प्रती उन्हापेक्षा कूलरनं जास्त बिघडतात, असं माझं मत आहे.

## १. ढीग वेगळा करा

सगळ्यात आधी लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बाजूला काढा. त्या जड असतात, वाकत नाहीत आणि पडल्या की फुटतात. त्यांत इलेक्ट्रॉनिक संगीत मिळणार नाही. त्यांना वेगळं काढायचं खरं कारण दुसरं आहे: विनाइल धुण्याच्या द्रावणातलं अल्कोहोल लाख विरघळवतं.

उरलेल्या विनाइलचे तीन गट करा.

पहिला गट ऐंशीच्या दशकातल्या हिंदी डिस्को-सिंथ रेकॉर्ड्सचा. हा घराघरात सापडतो. 'कुर्बानी' (१९८०), 'डिस्को दीवाने' (१९८१) किंवा 'डिस्को डान्सर' (१९८२) यांसारख्या रेकॉर्ड्स त्या काळी तुफान खपल्या, म्हणजेच त्यांच्या प्रतीही भरपूर आहेत. प्रिय आहेत, दुर्मीळ नाहीत.

दुसऱ्या गटात भारतात थोड्या संख्येनं निघालेल्या आणि तेव्हा फारशा न खपलेल्या रेकॉर्ड्स येतात. इथं हळू चला, प्रत्येक प्रत उलटून बघा. चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही १९८२ची एचएमव्ही रेकॉर्ड याच गटातली. रोलंडचा टीबी-३०३ हा बेस सिंथेसायझर आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन वापरून केलेलं हे काम शिकागोच्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या आधीचं निघालं आणि पुढे जगभरच्या संग्राहकांनी ते शोधायला घेतलं. कोलकात्याच्या मेगाफोन कंपनीनं १९८२मध्ये काढलेली रूपा बिस्वास यांची 'डिस्को जॅझ' दुसरं उदाहरण. तीही निघाली तेव्हा जवळजवळ कोणी विचारली नव्हती.

तिसरा गट परदेशी प्रतींचा: कोणाचे काका लंडनहून घेऊन आले, कोणी आखाती देशातून आणल्या, किंवा एखाद्या जुन्या डीजेच्या पेटीतल्या बारा इंची सिंगल्स.

तपासा: आतली पाकिटं, गाण्यांच्या ओळींचे कागद, पोस्टर, दुकानाचं बिल यांतलं काहीही या टप्प्यावर फेकू नका. मूळ प्रतीबरोबर पोस्टर किंवा कागद येत असेल आणि तुमच्याकडे तो नसेल, तर भाव सरळ उतरतो. फाटकं पाकीटही राहू द्या, फक्त रेकॉर्ड त्यात परत घालू नका.

## २. नेमकं प्रेसिंग ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून वेळही इथंच घालवा. रेकॉर्ड अजून धुतलेली नाही, आणि ते मुद्दाम. किमतीचा स्टिकर, दुकानाचा शिक्का, पेननं लिहिलेली तारीख ही ओळखीची साधनं आहेत. ओल्या कापडानं ती पुसली गेली की परत मिळत नाहीत. आधी फोटो काढा: कव्हर पुढून-मागून, मणक्याची कड, दोन्ही लेबलं, आणि गाणी संपल्यानंतर लेबलभोवती राहणारा गुळगुळीत पट्टा.

या पट्ट्याला रनआउट म्हणतात. दिवा तिरपा धरा आणि रेकॉर्ड सावकाश फिरवा. कोरलेली किंवा ठोकलेली अक्षरं आणि आकडे दिसतील. हा मॅट्रिक्स क्रमांक. कव्हर बदलता येतं, लेबल नव्यानं छापता येतं, पण रनआउटवर जे आहे ते ती तबकडी ज्या साच्यातून निघाली त्या साच्यातलं असतं. दोन्ही बाजूंचं अक्षर न् अक्षर वहीत उतरवा. खाडाखोड, उलटं अक्षर, मधली जागासुद्धा. कधी कटिंग करणाऱ्या, म्हणजे साच्यासाठी खोबणी कोरणाऱ्या इंजिनिअरची सहीही सापडते: डेट्रॉइटच्या टेक्नो रेकॉर्ड्सवर रॉन मर्फी यांच्या नॅशनल साउंड कॉर्पोरेशनचं 'एनएससी' दिसतं, तर ब्रिटिश रेकॉर्ड्सवर जॉर्ज पेकम यांचं 'पोर्की' हे टोपणनाव. मूळ प्रत असल्याचा हा चांगला इशारा आहे, पण एकट्यानं पुरावा नव्हे. जुनाच साचा वापरून नंतरही प्रती काढलेल्या असतात.

मग कॅटलॉग क्रमांक. भारतीय एचएमव्हीच्या लाँग प्ले रेकॉर्ड्सवर ईसीएलपी म्हणजे मोनो आणि ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ, तर सात इंची ईपीवर (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) ७ईपीई अशी सुरुवात दिसते. कव्हर, मणका आणि लेबल या तिन्ही ठिकाणचा क्रमांक जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर कव्हर एका रेकॉर्डचं आणि तबकडी दुसरीची, असा प्रकार असू शकतो. जुन्या घरांत हा प्रकार फार असतो. लग्नात, गणपतीत रेकॉर्ड्स लावल्या आणि जे कव्हर हाताला लागलं त्यात कोंबल्या.

आता वर्ष. कव्हरवर किंवा लेबलवर छापलेलं वर्ष हे बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं असतं. तुमच्या हातातली तबकडी त्याच वर्षी दाबली गेली, असं त्यावरून म्हणता येत नाही. पत्ता, कंपनीचा लोगो आणि बारकोड जास्त खरं बोलतात. एचएमव्ही काढणारी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आरपीजी समूहाकडे गेली. त्यामुळे कव्हरवर आरपीजीचं नाव असेल तर ती १९८२ची पहिली खेप नाही, मग कव्हरवर १९८२ कितीही ठळक छापलेलं असो.

परदेशी रेकॉर्ड्ससाठी देश बघा. क्राफ्टवर्क या जर्मन बँडची १९७४ची 'आउटोबान' जर्मनीत फिलिप्स कंपनीच्या नावावर निघाली आणि इंग्लंडमध्ये व्हर्टिगोच्या. दोन्ही जुन्याच, पण संग्राहकासाठी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्हींचे भाव वेगळे बघायचे.

सगळी माहिती जमली की डिस्कॉग्स उघडा. ही साइट २००० साली इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रेकॉर्ड्सची यादी म्हणूनच सुरू झाली, त्यामुळे या प्रकारातल्या नोंदी तिथं बारकाईनं केलेल्या असतात. नाव टाकू नका. कॅटलॉग क्रमांक किंवा मॅट्रिक्स टाका. एका अल्बमखाली वीस-तीस नोंदी दिसल्या तर घाबरू नका, देश आणि क्रमांकानं चाळणी लावा. शेवटी एकच नोंद उरली पाहिजे.

तपासा: दोन नोंदींत गोंधळ होत असेल तर स्वस्त नोंद खरी धरून पुढे जा. महागडी खरी ठरायला पुरावा लागतो. स्वस्त नोंद धरल्यानं कोणी फसत नाही.

## ३. मूळ, रीइश्यू की बूटलेग

रीइश्यू म्हणजे नकली नव्हे. ती हक्क घेऊन पुन्हा काढलेली, अधिकृत, अनेकदा ऐकायला जास्त चांगली, पण वेगळ्या भावाची वस्तू. चरणजित सिंग यांची रेकॉर्ड बॉम्बे कनेक्शन या डच लेबलनं (रेकॉर्ड कंपनीनं) २०१०मध्ये पुन्हा काढली. 'डिस्को जॅझ' न्यूमेरो ग्रुपनं २०१९मध्ये. लेबलवर हे नाव असलं की प्रश्न मिटला. 'बोर्ड्स ऑफ कॅनडा' या स्कॉटिश जोडीची 'ट्वूइझम' १९९५मध्ये फक्त १०० प्रतींत निघाली होती आणि वॉर्प या कंपनीनं ती २००२मध्ये पुन्हा छापली. त्या शंभरातली एक नागपुरात निघेल, अशी आशा धरायला माझी हरकत नाही. लेबलवर वॉर्प आहे का, तेवढं मात्र आधी बघा.

काही खुणा पटकन कळतात. तबकडी हाताला जड लागत असेल, कव्हरवर १८० ग्रॅम असं मिरवलेलं असेल, तर ती बहुधा अलीकडची आहे. जुन्या लाँग प्ले साधारण १२० ते १४० ग्रॅमच्या. कव्हरवर वेबसाइटचा पत्ता असेल तर ऐंशीचं दशक विसरा.

बूटलेग, म्हणजे हक्क न घेता काढलेली प्रत, ओळखायला कव्हरचा फोटो भिंगाखाली घ्या. मूळ छपाईवरून स्कॅन केलेल्या कव्हरवर बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या आणि फोटो गढूळ दिसतात. रनआउट जवळजवळ कोरा किंवा मूळ नोंदीशी न जुळणारा असतो. डिस्कॉग्सवर अशी नोंद 'अनऑफिशियल' म्हणून असते आणि तिथं ती विकू देत नाहीत.

कोऱ्या पांढऱ्या लेबलबद्दल वेगळं सांगायला हवं. ती टेस्ट प्रेसिंग (विक्रीआधी चाचणीसाठी दाबलेली प्रत) असू शकते, डीजेंना वाटलेली प्रोमो प्रत असू शकते, किंवा कोणीतरी घरगुती धंद्यासाठी काढलेली चोरटी प्रतही. लोकांच्या डोक्यात बातम्या असतात. एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकारानं कॉस्टिक विंडो या नावानं केलेल्या, १९९४मध्ये अडकलेल्या अल्बमची टेस्ट प्रेसिंग २०१४मध्ये ४६,३०० डॉलरला गेली होती. ती बातमी खरी आहे. पण तिच्यामागे ठरलेला मालकी-इतिहास होता आणि जगभरच्या चाहत्यांचं लक्ष होतं. पांढऱ्या लेबलची प्रत कुठून आली हे सांगता येत नसेल आणि मॅट्रिक्स कुठेच जुळत नसेल, तर तिला भाव नाही, फक्त कुतूहल आहे.

सावधान: आकाशवाणी, कॉलेज किंवा वाचनालयाचा शिक्का असेल तर ती प्रत बाहेर कशी आली ते आधी विचारा. रद्द केल्याची नोंद नसेल तर विकायच्या भानगडीत पडू नका.

## ४. आता धुवा

नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर खोबणीत बसतात आणि मग जी खरखर ऐकू येते ती तुमचीच भर असते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचे दोन-चार थेंब पुरतात. तेलकट डाग किंवा बुरशी असेल तर साधारण दहा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, अर्थात विनाइलवरच.

लेबल कोरडं ठेवून खोबणीच्या दिशेनं गोल गोल पुसा, आरपार कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरच्या दुसऱ्या कापडानं पुन्हा एकदा. भांड्यांच्या स्टँडमध्ये, सावलीत, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर वाळू द्या. बुरशी असलेल्या रेकॉर्डचं कापड दुसरीला लावू नका. कव्हर धुवायच्या नादी लागू नका, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटकली की झालं. स्टिकर खरवडू नका. फाटलेल्या स्टिकरपेक्षा शाबूत स्टिकर बरा.

पूर्ण कोरडी झाल्यावर नवीन पाकिटात घाला. बाहेरून घालायला जाड, चकचकीत पीव्हीसीचं कव्हर देतात ते टाळा. उन्हाळ्यात त्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) सुटतं आणि तबकडीवर धुरकट थर चढतो. तो धुऊन जात नाही. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या.

## ५. ग्रेड द्या, आणि कंजूषपणे द्या

जगभर गोल्डमाइन या अमेरिकन मासिकाची पद्धत वापरतात: मिंट, नियर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, जी (गुड) प्लस, जी, फेअर, पुअर. आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "गुड कंडिशन" असं लिहून मोकळं होणं. या पद्धतीत गुड ही शेवटून तिसरी पायरी आहे, म्हणजे खरखरणारी, घासलेली प्रत. चांगल्या प्रतीला गुड लिहिलंत तर ती मातीमोल जाईल आणि वाईट प्रतीला नियर मिंट लिहिलंत तर परत येईल.

तबकडीची आणि कव्हरची ग्रेड वेगवेगळी लिहायची.

आधी डोळ्यांनी. खोलीतला दिवा बंद, टेबल लॅम्प तिरपा. केसासारख्या बारीक रेषा वेगळ्या आणि नखाला लागणारा ओरखडा वेगळा. नखाला लागला तर तो ऐकूही येणार, असं धरून चाला. मग रेकॉर्ड सपाट काचेवर ठेवून कडा उचललेली आहे का बघा. नागपुरात एक तरी उन्हाळा माळ्यावर काढलेल्या प्रती वाकतात. थोडा बाक सुई सहन करते, पण तो लिहायलाच हवा.

मग कानांनी. निदान पहिलं, मधलं आणि शेवटचं गाणं ऐका. किमती प्रत असेल तर पूर्ण. इथं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड्सच्या काही खास भानगडी आहेत.

पहिली डीजेची झीज. गाण्याची सुरुवात पकडण्यासाठी डीजे सुई त्याच जागी मागेपुढे फिरवतात. त्यामुळे प्रत्येक गाण्याच्या पहिल्या काही सेकंदांत 'श्श' असा आवाज येतो आणि पुढे रेकॉर्ड स्वच्छ वाजते. डोळ्यांना हे जवळजवळ दिसत नाही. बारा इंची सिंगल ऐकल्याशिवाय व्हीजीच्या वर ग्रेड देऊ नका.

दुसरी गोष्ट वेगाची. बारा इंची असली म्हणून ३३ फेऱ्यांचीच असते असं नाही. बऱ्याच ४५च्या असतात आणि काही लेबलांवर वेग छापलेलाच नसतो. आवाज घोगरा वाटला की "खराब आहे" म्हणून बाजूला टाकू नका.

तिसरी, मुद्दाम केलेल्या करामती. काही टेक्नो रेकॉर्ड्समध्ये लॉक्ड ग्रूव्ह असतात, म्हणजे सुई एकाच गोल खोबणीत फिरत राहते आणि तोच ठेका अखंड वाजतो. काही रेकॉर्ड्स आतून बाहेर वाजतात. "अडकते" असा शेरा मारण्याआधी डिस्कॉग्सवरच्या नोंदीतली टीप वाचा.

आणि चौथं, मूळ दाबणीच. शिकागोच्या ट्रॅक्स लेबलच्या ऐंशीच्या दशकातल्या प्रती खराब विनाइलसाठी बदनाम आहेत. त्या नव्या असतानाच खरखरत. तिथं दोष लपवायचा नाही, पण "दाबणीचाच आवाज" असं लिहायला हरकत नाही.

कव्हरवर काय बघायचं: आतल्या तबकडीच्या गोल घासाची वर्तुळं, फाटलेली शिवण, वाळवी, पाण्याचा डाग, पेननं लिहिलेलं नाव. आपल्या घरांत नाव लिहायची पद्धतच होती: "चि. अमुकला वाढदिवसानिमित्त". वाचायला गोड वाटतं, पण ग्रेडमध्ये तो दोषच.

तपासा: दोन ग्रेडांत अडलात तर खालची द्या. गोल्डमाइनच्या ढोबळ हिशेबात नियर मिंटच्या निम्मा भाव व्हीजी प्लसला, चौथाई व्हीजीला आणि जेमतेम १० ते १५ टक्के गुडला. एका पायरीची चूक म्हणजे निम्मी किंमत.

## ६. भाव बघा: मागितलेला नव्हे, मिळालेला

विक्रीला लावलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. चाळीस हजारांची पाटी लावलेली प्रत वर्षानुवर्षं तशीच पडून असू शकते. डिस्कॉग्सवर त्या एकाच नोंदीचा विक्री इतिहास उघडा. तिथं कमाल, किमान आणि मधला भाव दिसतो. मधला घ्या. मग प्रत्येक विक्रीची तारीख आणि ग्रेड बघा आणि तुमच्या ग्रेडच्या विक्रींचीच तुलना करा. ईबेवर 'सोल्ड' ही चाळणी लावा. जुन्या लिलावांसाठी पॉपसाइक ही साइट बघता येते.

तारखा नीट वाचा. रीइश्यू कधी आला ते तुम्हाला तिसऱ्या पायरीतून माहीत आहे. त्याच्या आधीच्या विक्री बाजूला ठेवा. ज्यांना फक्त ऐकायचं होतं ते गिऱ्हाईक रीइश्यूनं नेलेलं असतं, उरतात ते मूळ प्रत हवी असलेले. काही रेकॉर्ड्सचा भाव त्यानंतर पडतो आणि काहींचा नाव झाल्यामुळे वर जातो. अंदाज बांधू नका, रीइश्यूनंतरचे आकडे वाचा.

विक्री एखादीच असेल तर? मग तुमच्याकडे भाव नाही, एक घटना आहे. लिलावात दोन हट्टी माणसं भेटली की काहीही होतं.

## ७. दुर्मीळपणा आणि मागणी वेगळी मोजा

डिस्कॉग्सवर प्रत्येक नोंदीखाली किती जणांकडे आहे आणि किती जणांना हवी आहे हे दोन आकडे असतात. 'आहे' कमी आणि 'हवी' खूप, तरच दुर्मीळपणाला पैसे. दोन्ही कमी असतील तर ती फक्त कोणालाच नको असलेली रेकॉर्ड आहे. अशा रेकॉर्ड्स भरपूर असतात.

उलट टोकाला न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडची 'ब्लू मंडे' (१९८३). बारा इंची सिंगल्समध्ये सगळ्यात जास्त खपलेली म्हणून ती ओळखली जाते, म्हणजे प्रतींचा दुष्काळ नाही. किंमत असते ती फ्लॉपी डिस्कसारखी भोकं कापलेल्या पहिल्या कव्हरला, आणि तेही शाबूत असेल तर. नुसती तबकडी असेल तर फार आशा ठेवू नका.

भारतीय प्रतींना एक फायदा आहे. जड सुया, दमट हवा आणि माळे यांतून वाचलेली नियर मिंट प्रत इतकी कमी असते की तशी मिळाली तर ढोबळ टक्केवारीच्या वर भाव मिळू शकतो. पण ती खरंच नियर मिंट हवी.

## ८. नागपुरात हातात किती येतील

हा हिशेब कागदावर करा. समजा, तुमच्या ग्रेडची प्रत परदेशात सरासरी ६,००० रुपयांना विकली जाते. साइटचं कमिशन, पैसे रूपांतरित करण्याचा खर्च आणि पॅकिंग वजा करा, म्हणजे पाच हजारांच्या आतबाहेर उरतात. परदेशी गिऱ्हाईक वर टपालखर्चही देणार, म्हणून तो तुमच्यापेक्षा त्याच्या देशातल्या विक्रेत्याला पसंती देईल. किंमत थोडी खाली ठेवावी लागते. नवीन विक्रेत्याला, ज्याच्या खात्यावर एकही शेरा नाही, त्याला आणखी.

त्याच रेकॉर्डचे इतवारीतला किंवा बर्डीवरचा दुकानदार दोन-अडीच हजार देत असेल तर तो लुटत नाही. तो आज रोख देतो, प्रत त्याच्याकडे वर्षभर पडू शकते आणि त्यालाही कमवायचं असतं. पाचशे म्हणाला तर वही उघडून विक्री इतिहास दाखवा. पुरावा समोर ठेवला की बोलणं बदलतं. पुरावा घेऊन येणारं गिऱ्हाईक अजून फार थोडं आहे.

मधला मार्ग म्हणजे पुणे-मुंबईतल्या संग्राहकांना थेट विकणं. भाव दुकानापेक्षा बरा मिळतो, टपालखर्च कमी लागतो आणि कस्टमची कटकट नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी हाच हिशेब उलटा. परदेशातून मागवलेल्या रेकॉर्डवर आयात शुल्क आणि कर वस्तूच्या किमतीसोबत टपालखर्च धरून लागतात. स्वस्त दिसलेली प्रत घरी पोचेपर्यंत दीडपट झाली तर नवल नाही.

सावधान: संपूर्ण पेटीचा एकगठ्ठा सौदा भाव बघायच्या आधी करू नका. दुकानदाराला त्यातली एकच रेकॉर्ड हवी असते आणि बाकीच्या तो उपकार म्हणून उचलतो.

## ९. विक्री आणि पाठवणी

वर्णनात प्रेसिंग, मॅट्रिक्स, दोन्ही ग्रेड आणि प्रत्येक दोष लिहा. ओरखड्याचा फोटो द्या. "वडिलांनी फार जपली होती" असं लिहू नका, त्याला भाव मिळत नाही आणि शंका मात्र येते.

पॅकिंगमध्ये तबकडी कव्हरमधून काढून, स्वतःच्या पाकिटात, कव्हरच्या मागे ठेवा. आत राहिली तर वाटेत हिसके बसून ती कव्हरची शिवण फाडते. दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा लावा, त्याच्या उभ्या-आडव्या रेषा एकमेकींना छेद देतील अशा. कोपऱ्यांना जास्तीचं आवरण द्या. रेकॉर्डच्या मापाचा खोका मिळत नसेल तर पुठ्ठ्याच्या दुकानातून कापून घ्या. पिझ्झाचा खोका वापरू नका, तेलाचा वास कव्हरला धरतो.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत नागपूरहून किमती रेकॉर्ड पाठवायची टाळता आली तर टाळा. पार्सल ट्रकमध्ये आणि गोदामात किती तास तापतं यावर तुमचा ताबा नसतो. गिऱ्हाईक थांबायला तयार नसेल तर सोमवारी सकाळी पाठवा, म्हणजे पार्सल रविवारभर गोदामात अडकायची शक्यता कमी. विमा काढा, पाठवण्याआधी प्रत वाजतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा, आणि पावतीवरचा क्रमांक त्याच दिवशी गिऱ्हाइकाला कळवा.